म्हण कोणाच्या तोंडी, कोणाच्या कानी

मराठीत म्हणींची पुस्तके भरपूर आहेत. शाळेच्या गाइडपासून जाडजूड कोशापर्यंत कुठेही हात घातला तरी अकारविल्हे लावलेली यादी मिळते. डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ. ती म्हण कोण कोणाला म्हणाले, कधी म्हणाले आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले, हे मात्र त्या यादीत नसते. म्हण नुसती जुनी आणि चटकदार ओळ असती तर त्याने काही बिघडले नसते. पण म्हण उच्चारली जाते ती कोणाला तरी टोचायला, समजवायला, गप्प करायला नाहीतर धीर द्यायला. ते काम बाजूला काढून उरलेल्या शब्दांना आपण म्हण म्हणत आलो आहोत.

म्हणी येतात कुठून, त्यांचा अर्थ ठरतो कसा आणि त्या वापरतात कशासाठी, या तिन्ही प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उगमाची चर्चा सगळ्यांत रंजक असते आणि अर्थाची सगळ्यांत सोपी वाटते. वापराचा प्रश्न मागे पडतो, आणि खरे तर तोच बाकीच्या दोहोंना उत्तर देतो. हे तपासायला पालघर जिल्ह्याचे उत्तर टोक, म्हणजे डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके, फार सोयीचे आहेत. किनाऱ्यावर मांगेला, माच्छी आणि वाडवळ, चिकूच्या वाड्यांत पारशी आणि इराणी बागाईतदार, बाजारात गुजराती, आणि रेल्वेच्या पूर्वेला डोंगरापर्यंत वारली, कुकणा, धोडिया, दुबळा, काथोडी अशी वस्ती. २०११च्या जनगणनेनुसार तलासरीत दहातली नऊ माणसे अनुसूचित जमातींची, डहाणूत दोन तृतीयांशाहून जास्त. घरात एक बोली, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा ही इथे रोजची गोष्ट आहे. अशा ठिकाणी म्हण कोणाची, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

उगम

म्हणींचा पहिला आणि सर्वांत मोठा झरा म्हणजे रोजचे पाहणे. भात शिजला का हे बघायला अख्खे भांडे उपसत नाहीत, एक शीत चिमटीत दाबतात. त्यातून ‘शितावरून भाताची परीक्षा’ आली. हेच निरीक्षण संस्कृत शास्त्रकारांनी ‘स्थालीपुलाकन्याय’ म्हणून वादविवादात वापरले. अशा न्यायांचा संग्रह कर्नल जी. ए. जेकब यांनी ‘लौकिकन्यायाञ्जलि’ या नावाने केला आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. त्यांना ‘लौकिक’ म्हणतात यातच सारे आले. पंडितांनी ते चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर उचलले आणि ग्रंथात नेले. ‘काकतालीय’ न्यायातला कावळा आणि ताडाचे फळ मराठीत ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ झाले. ग्रंथातून लोकांत आणि लोकांतून ग्रंथात अशी ये-जा सतत चालू असते, म्हणून एखाद्या म्हणीचे जन्मस्थान छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुधा चुकतो.

दुसरा झरा गोष्टींचा. कित्येक म्हणी म्हणजे शेवटचे वाक्य तेवढे उरलेल्या गोष्टी आहेत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८च्या सुमारास इसापनीती मराठीत आणली आणि शाळेच्या वाटेने ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ घराघरांत पोहोचले. ज्या मुलुखात द्राक्षाचा वेल नाही तिथेही ते बोलले जाते. त्याच्या शेजारी ‘कोल्हा काकडीला राजी’ ठेवून पाहावे. तिला गोष्टीची गरजच नाही. पावसाळ्यात काकडीचे वेल राखणाऱ्या कोणालाही ती आपोआप कळते.

तिसरा झरा इतिहासाचा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडला, आणि पुढे कोणावर भरवसा राहिला नाही हे सांगायला ‘विश्वास तर पानपतातच गेला’ असे मराठी माणूस म्हणू लागला. नारायणराव पेशव्याच्या १७७३ मधल्या खुनाभोवतीच्या आख्यायिकेतून ‘ध चा मा’ आला. आख्यायिका खरी की खोटी याने म्हणीच्या आयुष्यात फरक पडत नाही. संतांच्या ओव्या-अभंगांचे आणि समर्थांच्या श्लोकांचे तुकडे असेच सुटे होऊन फिरतात. बोलणाऱ्याला कवी आठवत नाही, आणि कवीचे नाव गळून पडले की ओळीची म्हण झाली असे समजावे.

हा झरा अजून आटलेला नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी आणि तलासरीवरून जातो. अशा रस्त्यांच्या कडेला ‘अति घाई संकटात नेई’ असे फलक लागले, आणि हे सरकारी सुरक्षावाक्य आता लग्नाची बोलणी घाईने उरकणाऱ्या बापालाही ऐकवले जाते. रस्त्यावरून ते घरात आले ते कोणी ठरवून नव्हे. पहिला माणूस ओळ रचतो, पण दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या माणसाने ती आपल्या कामाला लावली तरच तिची म्हण होते. म्हणजे उगमाचा प्रश्नही शेवटी वापराशीच येऊन थांबतो.

घडण

व्याकरणात म्हण आणि वाक्प्रचार यांत फरक करतात तो पक्का आहे. वाक्प्रचार वाक्यात मिसळतो, क्रियापदासारखा चालतो: त्याने काढता पाय घेतला, ती काढता पाय घेईल. म्हण पूर्ण असते. तिला काळ, पुरुष, वचन लावता येत नाही. ती बोलण्याच्या ओघात आडवी येते आणि क्षणभर बोलणे थांबवते.

हे थांबवणे जमते ते तिच्या बांधणीमुळे. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ यात क्रियापदच नाही. ‘इकडे आड तिकडे विहीर’ यात दोन पारडी समोरासमोर ठेवली की काम झाले. ‘बळी तो कान पिळी’, ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’, ‘गाव करी ते राव न करी’ यांतली क्रियापदे नीट पाहावीत. आजच्या मराठीत ‘पिळी’, ‘धरी’, ‘करी’ ही रूपे रीतिभूतकाळाची आहेत: तो रोज सकाळी देवपूजा करी, म्हणजे पूर्वी करत असे. म्हणीत मात्र त्यांचा अर्थ ‘पिळतो’, ‘धरतो’, ‘करतो’ असा आहे. हा जुन्या मराठीचा वर्तमानकाळ आहे. बाकीच्या भाषेने तो सोडला तरी म्हणींनी जपून ठेवला. रस्त्याच्या फलकाचा मजकूर लिहिणाऱ्यालाही ‘नेते’ न लिहिता ‘नेई’ लिहावेसे वाटले, कारण ते जुने रूप वापरले की वाक्य कोणा एकाचे न राहता पूर्वापार चालत आलेले वाटते. म्हणीचा अधिकार असा कानातून येतो.

वस्तूही अशाच टिकतात. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ हे नळाचे पाणी पिणारे मूलही पाठ म्हणते, पण पोहरा त्याने पाहिलेला नसतो. तलासरीच्या पाड्यांवर उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरणाऱ्या बाईला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. तेच शब्द एकीकडे परीक्षेतले गुण मिळवून देतात आणि दुसरीकडे रोजची अडचण सांगतात.

अर्थ

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून.’ पुस्तकात अर्थ दिलेला असतो: ही दोन्ही कामे किती कठीण आणि खर्चिक आहेत हे अनुभवाशिवाय कळत नाही. पुण्यातल्या किंवा दादरच्या घरात ही म्हण थोड्या कौतुकाने, थोड्या कुरकुरीने येते. आता ती १९४० च्या आसपास डहाणू किंवा तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या वारल्याच्या कानी पडली असे धरून चालू. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले की ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे, आणि ते बहुतेकदा आयुष्यभर फिटायचे नाहीत. अशा वेठीच्या माणसाला लग्नगडी म्हणत. या वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढा उभारला. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात मोठी सभा झाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मधल्या पुस्तकात हा सारा काळ आहे, आणि त्या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते वाचल्यावर ‘लग्न पाहावे करून’ या तीन शब्दांच्या सल्ल्याचा पुस्तकी अर्थ पुरत नाही. लग्न करून पाहणे म्हणजे स्वतःला गहाण टाकणे असेल तर ती म्हण कौतुकाची राहत नाही, धोक्याची होते.

शब्द तेच, व्याकरण तेच, पण अर्थ ऐकणाऱ्याच्या परिस्थितीने ठरला. अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक बार्बरा किर्शनब्लॅट-गिम्ब्लेट यांनी १९७३ मध्ये हाच मुद्दा इंग्रजी म्हणींवर दाखवून दिला. गरजेच्या वेळच्या मित्राबद्दलची एक नेहमीची म्हण त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि तिचे परस्परांशी न जुळणारे अर्थ त्यांच्याकडून मिळाले. गंमत अशी की प्रत्येकाला आपला अर्थ हाच सर्वमान्य अर्थ वाटत होता.

इथलेच आणखी एक उदाहरण घेऊ. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच.’ फाल्गुनात डहाणूच्या पूर्वेचा सगळा माळ पळसाने पेटतो, त्यामुळे झाड अनोळखी नाही. या दोन तालुक्यांतून माणसे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, वीटभट्ट्यांवर आणि सौराष्ट्राच्या बंदरांतल्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यातले काही सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानच्या तुरुंगातही जाऊन आले आहेत. परतलेल्या खलाशाने ही म्हण म्हटली तर तिच्यात थकवा असेल. मुकादमाने म्हटली तर ती मजुरी वाढवून न देण्याची सबब असेल. गावातच राहा म्हणणाऱ्या आईच्या तोंडी ती विनवणी होईल. कोशाला यांतला एकच अर्थ छापता येतो, आणि तो बहुधा कोणाच्याच तोंडचा नसतो.

म्हणी एकमेकींना खोडतात, यावरून कित्येकजण त्यांना हसतात. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणारी भाषाच ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ म्हणते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणते आणि ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असेही म्हणते. म्हणी हा उपदेशाचा ग्रंथ असता तर ही विसंगती ठरली असती. पण भांडणात दोन्ही बाजूंना बोलायला शब्द लागतात, आणि भाषा ते दोघांनाही पुरवते. लोकांचे शहाणपण म्हणून म्हणींचा गौरव करताना हे विसरले जाते की शहाणपण म्हणीत नसते. कोणती म्हण कुठे काढायची याच्या निवडीत ते असते.

वापर

म्हण वापरण्याची पहिली सोय म्हणजे ती आपली नसते. ‘म्हणतात ना’, ‘जुनी माणसे काय उगाच सांगून गेली’ असे म्हणून बोलणारा स्वतः मागे सरकतो आणि पिढ्यांना पुढे करतो. धाकट्याने थोरल्याला, सुनेने सासूला, कुळाने सावकाराला सरळ बोलायची सोय नसते तिथे म्हण बोलते. या युक्तीवरही मराठीत म्हण आहेच: ‘लेकी बोले सुने लागे’. आणि बोललेले अंगाशी आलेच तर ‘मी आपली म्हण सांगितली’ म्हणून सुटताही येते.

पंचांपुढच्या वादात म्हणीला पुराव्यासारखे वजन येते. नायजेरियातल्या अनांग लोकांच्या न्यायसभांत म्हणी कशा बाजू पलटवतात यावर जॉन मेसेंजर यांनी १९५९ मध्ये लिहिले. ज्या समाजात निवाडा लेखी कायद्याने न होता सर्वांच्या तोंडी असलेल्या न्यायाने होतो, तिथे नेमकी म्हण आठवणारा माणूस वकिलासारखा कामाला येतो. आपल्याकडेही जातपंचायतीत किंवा पाड्यावरच्या बैठकीत शेवटचा शब्द ज्याचा मानला जातो तो माणूस सहसा कमी बोलणारा असतो, पण त्याचे एक वाक्य सगळ्यांना घरी जाताना आठवते.

वापराची दुसरी बाजू सत्तेची आहे. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही वरून खाली फेकलेली म्हण आहे. बाई, नोकर, कूळ यांना जागेवर ठेवायला ती वापरली गेली. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा आईचा सल्ला म्हणून शहाणपणाचा, पण ज्याने अंथरूण ओढून घेतले त्यानेच तो दिला तर कोडगेपणाचा. उलट दिशेच्या म्हणीही आहेत. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही हिशेब ज्याच्या हाती त्याच्याविषयी रयतेने करून ठेवलेली नोंद आहे. ‘कुंपणच शेत खाते’ हे वनखाते, पोलीस, सावकार यांच्या कचाट्यातून गेलेल्या कोणत्याही डोंगरी मुलुखात विनास्पष्टीकरण कळते. जुन्या संग्रहांत जाती-जातींवर आणि बायकांवर अनेक विखारी म्हणी आहेत. शाळेच्या यादीतून त्या वगळणे योग्यच आहे. अभ्यासातून त्या वगळल्या तर मात्र कोणी कोणाला कसे दाबले याचा एक साक्षीदारच हरवेल.

सीमेवरची म्हण

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातकडे गेला. महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. वारली वस्ती मात्र महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेली अशी तिन्हीकडे तशीच राहिली, आणि सोयरिकीही चालू राहिल्या. या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या शाळांबरोबर गुजराती माध्यमाच्या शाळाही आहेत.

सीमेवर म्हणींची तीन प्रकारे देवघेव होते. एक, दोन्ही भाषांत समांतर म्हण असते: मराठीत ‘दुरून डोंगर साजरे’, गुजरातीत ‘डुंगरा दूरथी रळियामणा’. मराठीत ‘थेंबे थेंबे तळे साचे’, गुजरातीत ‘टीपे टीपे सरोवर भराय’. कोणी कोणाची घेतली हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण डोंगर आणि पाऊस दोघांचे एकच आहेत. दोन, म्हण भाषांतर न होता जशीच्या तशी उचलली जाते. ‘जेनु काम तेनु थाय, बिजा करे सो गोता खाय’ ही सीमेपासून लांब, सोलापूर-साताऱ्यातही मराठी म्हण म्हणूनच ऐकू येते. धंद्याचे शहाणपण धंदेवाल्याच्या भाषेत सांगितले की जास्त पटते, म्हणून ती गुजरातीतच राहिली. दरबारी कामकाजाच्या वाटेने आलेले ‘हाजिर तो वजीर’ असेच राहिले. तीन, विषयच सामाईक असतो. ताडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणणार, या अर्थाची म्हण दोन्ही भाषांत आहे, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर ताड आणि ताडी या दोन्ही गोष्टी कोणाला दाखवाव्या लागत नाहीत.

या देवघेवीत एक असमानता मात्र आहे. मराठी आणि गुजराती म्हणी वारली, कुकणा किंवा धोडिया बोलणाऱ्याच्या तोंडी सहज जातात, कारण शाळा, बाजार आणि कचेरी त्या भाषांत चालते. उलटा प्रवास क्वचित होतो. त्याला कारण बोलीचे दारिद्र्य नव्हे. बाजारात आणि कचेरीत त्या बोलीला बोलायची पाळीच येत नाही, हे कारण आहे.

संग्रह

म्हणी गोळा करण्याचा नाद जुना आहे. सुमेरच्या मातीच्या पाट्यांवर जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या म्हणी सापडल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा लेखनिक होऊ पाहणाऱ्या मुलांनी सरावासाठी उतरवलेल्या आहेत. म्हणजे शाळेत म्हणी घोटून घेण्याचा प्रकारही आपला नवा नाही. युरोपात इरॅस्मसने १५०० साली काढलेला ग्रीक-लॅटिन म्हणींचा छोटा संग्रह त्याच्या हयातीत वाढत चार हजारांच्या पुढे गेला.

मराठीत मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशात आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांच्या पोटात शेकडो म्हणी आल्या. १८९९ मध्ये रेव्हरंड ए. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचा ‘मराठी प्रॉव्हर्ब्स’ हा संग्रह ऑक्सफर्डहून निघाला. शेती, प्राणी, अन्न, घर, पैसा, नाती, धंदे अशा विषयवारीने म्हणी लावून त्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर दिले. विद्याधर वामन भिडे यांनी मराठी वाक्प्रचार आणि म्हणींचे पुस्तक केले. त्यानंतर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत, १९४२ आणि १९४७ मध्ये, पुरा केला. युद्धाच्या, कागदटंचाईच्या काळात झालेले हे काम आजही ओलांडले गेलेले नाही. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ने १९५६ मध्ये या साऱ्याला अभ्यासाची चौकट दिली आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत गावोगावचे साहित्य छापून आणले.

आदिवासी बोलींची नोंद वेगळ्या वाटेने झाली. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात वारली आणि काथोडी मराठीच्या छत्राखाली आल्या. सर्वेक्षणाचा मुख्य नमुना म्हणजे बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा अनुवाद. तुलनेला तो सोयीचा होता, पण त्यातून बोलीचे व्याकरण दिसले, बोलणारा दिसला नाही. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षण मालेत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र पुस्तक झाले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला. त्यात गाणी, गोष्टी, नात्यांची, रंगांची आणि काळवेळाची नावे यांना जागा मिळाली आणि त्या बोलणाऱ्या माणसांनीच लिहिण्यात भाग घेतला, ही मोठी गोष्ट होती.

तरीही वारली जगातल्या काही गोष्टी लवकर डोळ्यांत भरल्या आणि काही मागे राहिल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले, लग्नाच्या चौकाची भिंतीवरची चित्रे कागदावर उतरू लागली, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्राला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गीते, धान्यदेवी कणसरीच्या कथा, तारपा या वाद्यावरचा नाच यांच्याकडेही अभ्यासक वळले. चित्र भिंतीवर राहते, गाण्याला लग्नाचा मुहूर्त असतो, नाचाला रात्र असते. पाहुण्याला ते ठरवून पाहता येते. म्हणीचे तसे नाही. दोन बायका नागलीच्या निंदणीत बोलत असतात, एकीच्या तोंडून वाक्य निघते, दुसरी हसते, आणि ते संपते. ‘तुमच्यातल्या म्हणी सांगा’ असे विचारले तर समोरचा माणूस शाळेत शिकलेली प्रमाण मराठी म्हण सांगतो, कारण विचारणाऱ्याला तीच हवी असेल असे त्याला वाटते. म्हणून चित्राला मिळाले त्याच्या पासंगालाही म्हणीला लक्ष मिळालेले नाही.

म्हणी टिपण्याची पद्धत सापडायला फार लांब जायला नको. आफ्रिकेतल्या योरुबा म्हणींवर लिहिताना ओजो अरेवा आणि ॲलन डंडेस यांनी १९६४ मध्येच बजावले होते की नुसती म्हण आणि अर्थ उतरवणे पुरेसे नाही. कोणी, कोणाला, कोणाच्या देखत, कोणत्या प्रसंगी म्हटली हेही लिहायला हवे. साठ वर्षे झाली तरी आपले संग्रह अजून अकारविल्हेच आहेत.

शाळेकडून काय होईल

हे काम करण्याची ताकद आज सर्वांत जास्त शाळांकडे आहे, आणि डहाणूला त्याची परंपराही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने न आणता दगड, शिंपले, पाने, बिया घेऊन मुलांना शिकवले. जी मुले गुरे सोडून येऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. मुलाच्या हाताशी जे आहे त्यातून शिकवायचे, हे त्या शाळेचे सूत्र होते. भाषेच्या बाबतीत मुलाच्या हाताशी असलेले साधन म्हणजे त्याच्या आजीचे बोलणे.

आज सातवी-आठवीच्या परीक्षेत म्हणीचा अर्धा भाग देऊन उरलेला भरायला सांगतात, नाहीतर अर्थ लिहायला सांगतात. दोन्हींना पाठांतर पुरते. त्याऐवजी वर्षभर एक वही ठेवता येईल. घरात, शेतात, बाजारात, गावकीच्या बैठकीत जे वाक्य मोठी माणसे पुन्हापुन्हा म्हणतात ते ऐकले तसे, त्याच बोलीत उतरवायचे. शेजारी चार गोष्टी लिहायच्या: कोण बोलले, कोणाला बोलले, काय चालले होते, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले. अर्थ शेवटी, तोही बोलणाऱ्यालाच विचारून. प्रमाण मराठी ऐकू आली तर प्रमाण लिहायची, गुजराती आली तर गुजराती, वारली आली तर वारली. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. भांडणातली, शिवीच्या जवळ जाणारी किंवा कोणाला दुखावणारी म्हण आली तर ती फळ्यावर न लिहिता वहीत ठेवायची आणि वर्गात तिच्याबद्दल बोलायचे: ही कोणाला लागेल, आणि का?

अशा पन्नास वह्या जमल्या तर त्यातून कोश होईल की नाही हे नंतर पाहता येईल. पण दोन गोष्टी लगेच होतील. मुलाला कळेल की घरची बोली ही शाळेबाहेर ठेवून येण्याची गोष्ट नाही. आणि आपल्यालाही म्हणीचा खरा अर्थ कुठे शोधायचा ते कळेल. दाते-कर्वे यांनी शब्द राखले, हे त्यांचे उपकार आहेत. प्रसंग राखायचे काम आपल्याकडे आले आहे. डहाणू-तलासरीच्या शिक्षकांना, बोली जाणणाऱ्या तरुणांना आणि महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना एवढेच सांगणे आहे: म्हणी विचारत फिरू नका, जिथे माणसे काम करतात, भांडतात आणि समेट करतात तिथे बसा, आणि ऐकलेली प्रत्येक म्हण बोलणाऱ्याच्या परवानगीने, प्रसंगासकट लिहून ठेवा.